प्रत्यय

मी मराठी शिकवितो. त्यामुळे जगात कोठे काही जुळेनासे झाले, की त्याचे कारण प्रथम व्याकरणात शोधावयाचे, अशी मला खोड जडली आहे. शेजाऱ्याशेजाऱ्यांचे बिनसले, की येथे संधी होत नाही, असे मी म्हणतो. आणि एखाद्या जोडप्याचे बरे चालले आहे असे दिसले, की समास द्वंद्व असूनही द्वंद्व नाही, अशी मनाशी नोंद करतो. सौभाग्यवतींना हे बोलणे मुळीच पसंत नाही. परंतु वीस वर्षे एकच विषय शिकविणाऱ्या माणसाने दुसरे बोलावे तरी काय? मात्र ज्या व्याकरणावर माझा एवढा भरवसा, त्यानेच २०२५ च्या दिवाळीनंतर मला दगा दिला, आणि तोही अवघ्या एका अक्षराने. त्या अक्षराची ही हकीकत.

आम्ही नेवाशाला राहतो. प्रवरेकाठचे हे गाव ज्ञानेश्वरीमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. संगणकाच्या सुट्या भागांसाठी ते कोणास ठाऊक होण्याचा संभव नाही. महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर शिकवितो. म्हणजे जितके तास, तितके पैसे. आणि दिवाळीच्या सुटीत तास नसतात. एवढे सांगितले म्हणजे पुढचा जमाखर्च वाचकांच्या सहज ध्यानात येईल.

घरातला आमचा संगणक २०१२ सालचा होता. त्याच्याही आधी, २००७ साली, एक घेतला होता. तो गेला, पण त्याची हार्ड डिस्क मी फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली, कारण तिच्यात माझा प्रबंध होता. प्रबंध म्हणजे पीएच. डी.चा आणि अर्थातच अपुरा. ऊसतोड कामगारांच्या बोलण्यातले शब्द मी गोळा करीत असे. पाथर्डीकडून, शेवगावकडून, बीड जिल्ह्यातून टोळ्या आमच्या भागात उतरल्या, की संध्याकाळी खोपीवर जावयाचे, चहा घ्यावयाचा आणि वही उघडावयाची. चार हंगाम हे चालले. २०१२ मध्ये नवा संगणक आला, तेव्हा असे दिसले की त्याच्या मदरबोर्डावर जुनी डिस्क जोडावयाला जागाच नाही. जुन्या डिस्कची केबल म्हणजे चार बोटे रुंद करडी पट्टी, तिच्या तोंडाशी चाळीस टाचण्यांची जागा. नव्या बोर्डावर ‘साटा’ची नखाएवढी तोंडे. दुकानदार म्हणाला, “सर, त्याला कन्व्हर्टर मिळतो. नंतर बघू.” ‘नंतर बघू’ या दोन शब्दांवर माझा प्रबंध तेरा वर्षे ट्रंकेत राहिला. मधल्या काळात छापील प्रत एका पावसाळ्यात गळक्या कोपऱ्यात सापडून गेली आणि जी सीडी करून ठेवली होती तिच्यावर बुरशीची नक्षी उमटली. कोणी विचारले, प्रबंधाचे काय झाले? तर मी गंभीरपणे सांगत असे, की तो जुन्या डिस्कमध्ये अडकला आहे आणि ती नव्या यंत्राला बसत नाही. वाक्य खरे होते. कारण मात्र तेवढेच नव्हते, हे आपण ओळखले असेलच.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची दुरुस्ती-देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबविली. दिवाळी आठवड्यावर आलेली. विंडोज ११ घालावी, तर तिच्या अटी एखाद्या हट्टी वरपक्षाच्या वरताण. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा, किल्ल्या-कुलपे सांभाळणारा टीपीएम नावाचा भाग दुसऱ्या आवृत्तीचा हवा. आमचा आय-३ २१२०. त्यातला पहिला दोनाचा आकडा म्हणजे दुसरी पिढी. पॉलिटेक्निकात पहिल्या वर्षाला असलेली आमची कन्या सुटीला घरी आली होती. तिने पडद्यावरची सूचना वाचली आणि म्हणाली, “बाबा, हा आता बदलावाच लागेल.”

“बदलू की,” मी म्हणालो. “आतला मेंदू तेवढा नवा आणू. बाकी सगळे चांगले आहे.”

अशी समजूत माझी एकट्याचीच असेल असे नाही. सायकलची ट्यूब गेली तर आपण सायकल बदलीत नाही, मिक्सरचे भांडे फुटले तर मिक्सर टाकीत नाही. संगणकही सुट्या भागांचाच असतो, मग त्यातला एक भाग काढून त्याजागी चांगला भाग घालावयाला अडचण कसली? अडचण अशी, की संगणकात ‘चांगला भाग’ म्हणून काही नसते. शेजारचा कोण आहे, यावर त्याचे चांगलेपण. आमच्या मदरबोर्डावर प्रोसेसर बसावयाचे जे घर, ज्याला सॉकेट म्हणतात, ते ११५५ टाचण्यांचे. इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीखेरीज त्यात कोणी राहूच शकत नाही. पुढे ते घर ११५० चे झाले, मग ११५१ चे, मग १२०० चे, आणि बाराव्या पिढीपासून चौदाव्यापर्यंत १७०० चे. कन्येने हे आकडे घडाघडा सांगितले. वृत्तांचे गण मला येत असतील, तसे.

त्यातले ११५१ चे प्रकरण ऐकून तर मी थक्क झालो. सहाव्या आणि सातव्या पिढीला हे ११५१ चे घर. आठव्या आणि नवव्या पिढीलाही ११५१ चेच. टाचण्या तेवढ्याच, माप तेच, प्रोसेसर आत बसतोही. पण सहाव्या-सातव्या पिढीसाठी केलेल्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही, कारण टाचण्यांची कामे बदललेली. एकाच शब्दाचे दोन अर्थ निघाले तर आम्ही त्याला श्लेष म्हणतो आणि पाच गुणांचा प्रश्न घालतो. बाजारात त्याला पैसे बुडाले असे म्हणतात. दुसऱ्या बाजूला एएमडीचे एएम-४ हे घर. २०१७ साली रायझनबरोबर ते सर्वांच्या ओळखीचे झाले आणि पुढे कितीतरी पिढ्या त्यातच नांदल्या. पण तेथेही एक मेख आहेच. जुन्या बोर्डावर नवी पिढी बसवावयाची, तर बोर्डाचे बायोस आधी नवे करून घ्यावे लागते. म्हणजे सुनेला घरात घेण्यापूर्वी सासूला चार गोष्टी शिकवावयाच्या. आणि एएम-५ आले तेव्हा, २०२२ साली, तेही घर सर्वस्वी निराळेच.

जाता जाता सांगतो, मदरबोर्डला मराठीत काय म्हणावे याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ‘मातृफलक’ हा शब्द कोशात शोभेल. दुकानात उच्चारला तर शिलालेख मिळतात तिकडे जा, असे उत्तर यावयाचे. म्हणून बोर्डच म्हणतो.

बोर्ड बदलावयाचा हे मी मान्य केले आणि उरलेल्या मालमत्तेचे रक्षण करावयाला सज्ज झालो. “रॅम तरी जुनीच चालेल?” कन्येने जुनी रॅम काढून माझ्या हातावर ठेवली. हिरव्या पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी रेघोट्या आणि त्यांच्यात एक खाच. ही डीडीआर-३. तिच्या कडेला २४० टोके. डीडीआर-४ ला २८८ आणि डीडीआर-५ लाही २८८. परंतु प्रत्येकीची खाच निराळ्या जागी, अशासाठी की कोणी जबरदस्ती करू नये. डीडीआर-३ ला दीड व्होल्ट लागतात, ४ ला एक पूर्णांक दोन, ५ ला एक पूर्णांक एक. चुकून बसली असती तर काय झाले असते ते या आकड्यांवरून समजते. ज्याने ती खाच योजली, त्याच्याविषयी मला आदर वाटतो. न पटणाऱ्या गोष्टी एकमेकींजवळ येण्यापूर्वीच अडाव्यात, ही व्यवस्था माणसांत असती तर काय पाहिजे होते!

परंतु सगळीकडे अशी खाच नाही, हे मला पुढे कळावयाचे होते.

एसएमपीएस, म्हणजे विजेचा पुरवठा करणारी पेटी, तेरा वर्षांची. तिच्या अंगावर ४५० वॅट लिहिलेले. “लिहिलेलं आहे, पण आता देईल का?” एवढेच कन्या म्हणाली. तेही गेले. शेवटी राहिले कॅबिनेट. ते काही मी सोडणार नव्हतो, आणि ते सोडावे लागलेही नाही. एटीएक्स नावाचे माप इंटेलने १९९५ साली ठरविले. बोर्डाच्या स्क्रूची भोके कोठे असावीत, मागची खिडकी केवढी असावी, हे त्यात आहे. मधल्या तीस वर्षांत प्रोसेसरची घरे किती बदलली, रॅमच्या किती जाती झाल्या. पण स्क्रूच्या भोकांनी दिलेला शब्द पाळला. आमचे २०१२ चे पत्र्याचे खोके नव्या छोट्या बोर्डाला, मायक्रो-एटीएक्सला, जसेच्या तसे बसणार होते. मला उगाचच धन्य वाटले.

मग कन्येने यादी केली. आय-३ १२१००. एच-६१० चा बोर्ड, मायक्रो-एटीएक्स. आणि त्यापुढे दोन रेघा ओढून ‘डीडीआर-४ चा’. कारण त्याच एच-६१० चे काही बोर्ड डीडीआर-४ चे असतात, काही डीडीआर-५ चे, आणि खोक्यावरून घाईत ते ध्यानात येत नाही. आठ-आठच्या दोन रॅम. त्या लगेच घ्या, भाव चढताहेत, अशी तोंडी सूचना. आणि एसएसडी घ्यावयाची ती एनव्हीएमई, साटा नव्हे. या एसएसडीचीही गंमत ऐका. च्युइंगगमच्या पट्टीएवढी ती असते, एम.२ म्हणतात त्या जागेत बसते. पण एकाच आकाराच्या दोन पट्ट्यांतली एक साटाची भाषा बोलते, दुसरी एनव्हीएमईची. आणि बोर्डावरच्या जागेला त्यांतली कोणती समजते ते बोर्डाच्या पुस्तिकेत पाहावे लागते. देवनागरीत लिहिले आहे एवढ्यावरून मजकूर मराठी की हिंदी हे ठरत नाही, तसेच हे.

“मी येते बरोबर पुण्याला,” ती म्हणाली.

“एवढं काय त्यात? यादी आहे ना?” मी म्हणालो. या नकारात काटकसर होती, हे खरे. पण त्याहून अधिक काहीतरी होते. गेले चार दिवस घरात ती शिकवीत होती आणि मी शिकत होतो. बापाला हे गोड वाटते, असे सर्वजण सांगतात. गोड वाटते, पण फार वेळ वाटत नाही.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी फाट्यावरून एस्. टी. धरली. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण कंडक्टर ‘नगर, नगर, पुणे’ असेच ओरडत होता. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आले होते. मुंबईला लॅमिंग्टन रोडचे जे माहात्म्य, ते पुण्यात विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक मालाच्या बाबतीत या गल्लीचे. दुकानांना लागून दुकाने, माणसांना लागून माणसे. तेथेच विचारपूस करीत करीत एका लहानशा दुकानात मी यादी पुढे केली. बोर्ड निघाला, डीडीआर-४ चा आहे याची मी दोनदा खात्री केली. रॅम निघाली, एसएसडी निघाली. प्रोसेसरच्या वेळी दुकानातला मुलगा म्हणाला, “सर, १२१०० पण आहे आणि १२१०० एफ पण आहे. एफ स्वस्त पडेल.”

“फरक काय?” हे दोन शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात त्यानेच विचारले, “ग्राफिक कार्ड आहे ना तुमच्याकडे?”

दुकानात आणखी तिघे-चौघे तरुण उभे होते. त्यांतला एखादा माझा जुना विद्यार्थीही असावयाचा. मी यादी हातात धरून, चष्म्याच्या वरून पाहत म्हणालो, “आहे.”

एवढेच झाले. वर्गात रोज उभे राहून ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य माझ्या तोंडातून गळून पडले आहे. विद्यार्थ्याने अडचणीचा प्रश्न विचारला तर ‘पुढच्या तासाला सविस्तर पाहू’ म्हणावयाचे. पुढचा तास नेहमीच दुसऱ्या विषयाचा असतो. शिवाय मी मनाशी व्याकरण लाविलेच होते. मूळ शब्द तोच. शेवटी एक प्रत्यय लागला म्हणून काय झाले? घर म्हणा, घराला म्हणा, घर ते घरच. वाचलेल्या पैशांतून सौभाग्यवतींसाठी लक्ष्मी रोडवर काही घेतले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

रविवारी दुपारी बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्रे पसरून बापलेक जुळणीला बसलो. ते दोन तास मोठ्या आनंदात गेले. पूर्वी प्रोसेसरच्या पोटाशी टाचण्या असत. आता या टाचण्या घरात असतात आणि प्रोसेसरच्या पोटाशी सपाट सोनेरी ठिपके. एका कोपऱ्यावरचा त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवावयाचा, प्रोसेसर वरून अलगद ठेवावयाचा, जोर लावावयाचा नाही. मग दांडी खाली दाबावयाची, त्या वेळी असा काही कर्र आवाज होतो की सतराशे टाचण्या एकदम मोडल्या असे वाटावे. “असाच आवाज येतो, बाबा,” ती म्हणाली. पंखा बसला, त्याचे चार पाय चार कोपऱ्यांत टकटक वाजून रुतले. रॅमच्या खाचा जुळल्या. तीस वर्षांपूर्वीच्या वचनाला जागून स्क्रूची भोके भोकांवर आली. कॅबिनेटच्या बटणाच्या बारीक वायरी बोर्डावरच्या टाचण्यांना लावणे हे सुईत दोरा ओवण्यासारखे काम; ते माझ्या चाळिशीला जमेना, म्हणून तिने केले. सौभाग्यवतींनी चहा आणला. मी बटण दाबले.

पंखा फिरला. दिवा लागला. पडदा काळा.

केबल पाहिली. पडदा दुसऱ्या केबलने जोडला. रॅम काढून पुन्हा बसविली, मग एकच बसविली, मग दुसरीच एकटी. एसएमपीएसची मोठी चोवीस टाचण्यांची जोडणी आणि प्रोसेसरजवळची छोटी जोडणी काढून पुन्हा लाविली. प्रत्येक वेळी पंखा उत्साहाने फिरे आणि पडदा काळाच राही. अंधार पडला. माझ्या मनात हिशेब सुरू झाला. किती तासांचे पैसे या वर्तमानपत्रांवर मांडून ठेवले आहेत याचा. कन्या आता बोलत नव्हती. तिने एकेक खोके उचलून वाचावयाला सुरुवात केली. प्रोसेसरच्या खोक्याशी ती थांबली.

“बाबा, हा एफ आहे.”

“तोच आहे तो. स्वस्त मिळाला.”

तेव्हा तिने मला प्रत्ययांचा पाठ दिला. या नावांत ‘के’ लागला की वेग वाढविण्याची मोकळीक. ‘टी’ लागला की विजेची काटकसर. आणि ‘एफ’ लागला की चित्र काढणारा भाग बंद. प्रोसेसर सर्व हिशेब करतो, पण ते पडद्यावर उमटविण्यासाठी वेगळे ग्राफिक कार्ड लागते. बोर्डाच्या पाठीमागे पडद्याची केबल लावावयाची जागा असते, म्हणून माणूस फसतो; दार आहे, आत कोणी नाही. एएमडीच्या ५००० मालिकेत नेमके उलट. तेथे साध्या नावात चित्र नाही आणि ‘जी’ लागला तर आहे. आमच्याकडे ‘हीन’ लागला की अभाव आणि ‘वान’ लागला की सद्भाव. दोन्ही प्रकार मी दरवर्षी शिकवितो. १२१०० एफ म्हणजे चित्रहीन १२१००. रॅमला खाच होती, ती चुकू देत नव्हती. याला खाच नव्हती. घर तेच, टाचण्या त्याच, आत बसलाही किती सुरेख. येथे चूक अडविणारे काही असेल, तर तो दुकानातल्या मुलाचा एक प्रश्न होता.

“दुकानदारानं विचारलं नव्हतं का, ग्राफिक कार्ड आहे का म्हणून?”

दुकानदारावर ढकलून देणे फार सोपे होते. तो पुण्यात, आम्ही नेवाशात. आणि पुण्याच्या दुकानदाराविषयी काहीही सांगितले तरी आमच्याकडे विश्वास बसतो. मी पडद्याकडे पाहिले. काळ्या पडद्यात आम्ही दोघे दिसत होतो, मागे दारात सौभाग्यवती.

“विचारलं होतं,” मी म्हणालो. “मी ‘आहे’ म्हणालो.”

“पण आपल्याकडे—”

“नाही, ते माहीत आहे. ग्राफिक कार्ड म्हणजे काय, हेच मला नीट ठाऊक नव्हतं.”

तिने काही उत्तर दिले नाही. खोक्यात परत ठेवावयाच्या वस्तू ठेवल्या, वर्तमानपत्रे गोळा केली. मग म्हणाली, “यादीत मी ‘एफ नको’ लिहायला हवं होतं. मला वाटलं, कळेल.” आणि चहाचे पेले घेऊन आत गेली. तिने चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते.

उघडलेला प्रोसेसर दुकान परत घेईना, आणि त्याचे बरोबरच होते. शेवटी फाट्यावरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे, बंद पडलेल्या एका नेट कॅफेतून आलेले, जीटी ७१० नावाचे जुने कार्ड निघाले. एकोणीस वॅटचे, बोर्डावरच्या खाचेतूनच वीज घेणारे, निराळी वायर न मागणारे. या खाचेचा, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसचा, एक मोठा गुण असा की तिच्यात जुने-नवे पटते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या धाटणीचे कार्ड नव्या बोर्डावर बसले आणि दोघांनी जुन्याच्या चालीने चालावयाचे ठरवून घेतले. एफमुळे जे वाचले होते ते कार्डात गेले; लक्ष्मी रोडवरची खरेदी मात्र अंगावर पडली. पडदा उजळला तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, ती साडी मी परत देत नाही हां.”

कार्ड देताना दुरुस्तीवाल्याने आणखी काही हवे का विचारले, आणि मी काही म्हणण्याच्या आत कन्या म्हणाली, “आयडीई डिस्कचा कन्व्हर्टर आहे?” होता. तिला ट्रंकेतले गाठोडे ठाऊक होते, हे मला ठाऊक नव्हते.

गाठोड्यात डिस्क होती, आणि तिला रबराने बांधलेले एक बोटभर कुलूप. त्या काळी भारतीय लिप्यांच्या सॉफ्टवेअरबरोबर पुष्कळदा असे कुलूप येई. ते प्रिंटरच्या पंचवीस टाचण्यांच्या जागी लाविले तरच मराठी टाइप होई. आमच्या नव्या बोर्डाला ती जागाच नाही. डिस्कच्या पाठीमागची एक टिकली, जंपर म्हणतात ती, ‘मास्टर’च्या जागी सरकवून कन्येने कन्व्हर्टर जोडला, विजेची चार टाचण्यांची वायर वेगळी दिली. तेरा वर्षे न फिरलेली डिस्क. तिने आधी एक कण्हल्यासारखा आवाज काढला, मग फिरू लागली. आम्ही दोघेही तिच्यावर वाकून ऐकत होतो.

प्रबंधाची फाईल होती. उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, चिन्हे, डोक्यावर टोप्या घातलेले फ्रेंच स्वर यांची जत्रा. एकही मराठी अक्षर नाही. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरीला जागा मिळालेली असली, तरी आपल्याकडे टंकन पुढे कितीतरी वर्षे ज्याच्या त्याच्या स्वतंत्र फॉन्टमध्ये चाले. इंग्रजी अक्षराच्या जागी ‘क’चे चित्र, एखाद्या चिन्हाच्या जागी काना. तो फॉन्ट नसेल तर खालची इंग्रजी जत्रा तेवढी उरते. इतके भाग जुळविले आणि नेमका जो जुळावयाचा, तो कोणत्याच दुकानात नव्हता.

“टाइप करायला कुलूप लागत असेल,” कन्या म्हणाली, “पण वाचायला फॉन्ट पुरेल.” तिने त्याच डिस्कवरच्या विंडोजच्या पोटात शिरून फॉन्टची फाईल शोधली आणि नव्या यंत्रात नेऊन ठेवली. पुन्हा फाईल उघडली.

कोयता. उचल. मुकादम. फड. मोळी. वाढे.

“अर्धा कोयता म्हणजे?” तिने वाचून विचारले. मी सांगितले, की टोळीत माणसे मोजीत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक तोडतो, दुसरा मोळ्या बांधतो. उचल कोयत्यावर मिळते. जोडीदार नसलेला एकटा तो अर्धा कोयता. ही नोंद मला ज्या बाईंनी दिली, त्या स्वतः पुढे अर्धा कोयता झाल्या होत्या. त्यांनाही जाऊन आता बरीच वर्षे झाली. कन्या ते सर्व ऐकून घेत होती आणि मी बोलत होतो. असे पुष्कळ दिवसांत झाले नव्हते.

आता ती सुटीला आली, की आम्ही तो मजकूर युनिकोडमध्ये आणतो. रूपांतर करणारे सॉफ्टवेअर आहे, पण त्याच्यावर विसंबून भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ह्रस्व वेलांटी दिसते तशीच, अक्षराच्या आधी, साठविलेली. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या मागे ठेवावी लागते. रफाराचे तिसरेच. जोडाक्षरे हमखास फुटतात. तेव्हा मी जुन्या फॉन्टमधून वाचतो आणि ती नव्यात तपासते. नोंद क्रमांक चारशेच्या पुढे ती परवा थांबली. शब्द होता, गाव होते, तारीख होती. अर्थाची जागा कोरी. तो शब्द येथे छापीत नाही, अर्थ कळल्याशिवाय छापावयाचा नाही.

“याचा अर्थ काय, बाबा?”

मी चष्मा काढून पुसला.

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो.

तिने त्या ओळीपुढे तांबडी खूण केली. टोळ्या उतरल्या, की पहिल्या रविवारी आम्ही दोघे खोपीवर जाणार आहोत. वही तिने घेतली आहे.